तेच महाबळेश्वर, तेच कोल्हापूर, तेच गणपतीपुळे: नेहमीच्या सहलीत राहून जाणाऱ्या जागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. “महाबळेश्वरलाच चाललोय गं, पण या वेळी जरा वेगळं काहीतरी सांग.” माझं माहेर सातारा आणि सासर कोल्हापूर, त्यामुळे या दोन जिल्ह्यांबद्दल जास्त विचारणा होते. कोकण आम्ही दरवर्षी करतो, म्हणून तिकडचेही प्रश्न येतात. तेच तेच विचारलं जातं, तेव्हा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

नेहमीच्या ठिकाणी पुन्हा जाण्यापेक्षा सरळ नवीन ठिकाणच का शोधू नये?

शोधा की. पण घरात सत्तरीच्या आजी, सहा वर्षांचं पोर आणि हातात दोन दिवसांची रजा असली की ओळखीचं ठिकाणच सोयीचं पडतं. कुठल्या घाटात पोराला गाडी लागते, कुठल्या लॉजवर तळमजल्याची खोली मिळते, रात्री गरम भाकरी कुठे मिळते, हे सगळं पाठ असतं. पहिल्या खेपेला पॉइंट आणि बाजार यांतच दिवस जातो. तिसऱ्या खेपेला मात्र एक अख्खी सकाळ मोकळी राहते. ती सकाळ कुठे घालवायची, त्यासाठी हे पान आहे.

शिवाय ही गावं आपल्याला वाटतात तेवढी बघून झालेली नसतात. आपण महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण म्हणतो, पण हवा खायला साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून ते तीर्थक्षेत्र आहे.

महाबळेश्वरला चौथ्यांदा चाललोय. आता काय उरलंय?

क्षेत्र महाबळेश्वर नीट बघितलंय का, ते आधी आठवून बघा. बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर हे जुनं गाव आहे. बहुतेक लोक पंचगंगेच्या देवळात गोमुखाचं पाणी डोक्याला लावतात, महाबळेश्वराचं दर्शन घेतात, मक्याचं कणीस खातात आणि गाडीत बसतात. तिथूनच पाच-दहा मिनिटं चाललं की कृष्णाबाईचं देऊळ लागतं. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं. आत गोमुखातून पाण्याची बारीक धार दगडी कुंडात पडत असते आणि देवळाच्या पुढ्यातून कृष्णेचं खोरं थेट खाली उतरत जातं. मागच्या डिसेंबरात आम्ही सकाळी आठला गेलो, तेव्हा त्या धारेशिवाय दुसरा आवाज नव्हता. माझ्या सासूबाई एरवी दर दहा मिनिटांनी “चला आता” म्हणतात. तिथे त्या पायरीवर अर्धा तास बसून राहिल्या.

मुलांना सांगायला त्याच आवारातली एक गोष्ट आहे. 6 जानेवारी 1665 ला, सूर्यग्रहणाच्या दिवशी, शिवाजी महाराजांनी याच क्षेत्री जिजाऊंची आणि आपले वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. त्या जागेवर उभं राहून सांगितलं की मुलं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी जागा म्हणजे मांघर. महाबळेश्वर तालुक्यातलं हे छोटं गाव 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, देशातलं असं पहिलं. घरोघरी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. पेटी उघडताना बघायला मिळाली तर मुलं स्ट्रॉबेरी क्रीम विसरतात. मध घ्यायचा तर तिथेच घ्या.

तिसरं भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे असूनही निम्मी वाहनं न थांबता पुढे जातात. 4 मे 2017 पासून हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे. एका घरात कविता, दुसऱ्या घरात चरित्रं, कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास. कुणाच्याही ओसरीवर बसून हवं तेवढा वेळ वाचायचं, पैसे लागत नाहीत. पण ही लोकांची राहती घरं आहेत. चपला बाहेर काढा, आवाज खाली ठेवा, आणि घरच्या बाईंनी चहा विचारला तर त्याला ‘नको’ म्हणू नका.

वाईला थांबण्यासारखं आहे का? आम्ही तर घाट चढायच्या आधी नुसता नाश्ता करतो.

निदान तीन तास काढा. माझ्या मते महाबळेश्वरच्या वाटेवरची सगळ्यांत मोलाची जागा वाईच आहे.

ढोल्या गणपती तुम्ही बघितला असेल. 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या ऐन पात्रालगत आहे. दर्शन झालं की मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा. ती सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी त्या टोकावर फाटतं, दोन बाजूंनी निघून जातं आणि देवळाला धक्का बसत नाही. समोरून लाखो लोक नमस्कार करून जातात. बांधणाऱ्याची अक्कल मात्र पाठीमागे आहे.

तिथून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेवरचा घाट. घाट तुम्हाला बघताच ओळखीचा वाटेल, कारण कितीतरी चित्रपटांचं शूटिंग इथे झालंय. पायऱ्या नदीला कवेत घेतल्यासारख्या वळत जातात. घाटावरच्या छोट्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज चर्चची घंटा. जवळ जाऊन नीट बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. शंकराच्या देवळापाशी, कृष्णाकाठी, मेरीचं चित्र असलेली घंटा! मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दहावीत होते. वसईची मोहीम पुस्तकात वाचलेली होती, पण ती खरोखर झाली होती हे त्या धातूला हात लावल्यावर कळलं.

वाडा खासगी आहे. तिथल्या माणसाला विचारूनच आत जा आणि तो जिथे नको म्हणेल तिथे जाऊ नका. लाकडी खांब, चौकामागून चौक, भिंतीवरची पुसट होत चाललेली चित्रं. भिंतींना हात लावू नका, रंग बोटाला येतो.

वेळ असेल तर धोमला नृसिंहाच्या देवळात जा. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात पाणी असलं की कासव पोहत निघाल्यासारखं दिसतं.

पुण्याहून साताऱ्याला जाताना हायवेजवळ काही आहे का?

आहे. लिंब फाट्यावरून आत गेलं की बारा मोटांची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 च्या दरम्यान, वीरूबाई भोसल्यांनी आमराईला पाणी द्यायला बांधलेली. एकाच वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पखाली, चालतील अशी तिची रचना आहे. विहिरीच्या पोटात चक्क दालनं आहेत आणि पायऱ्या उतरून गेलं की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. कठडे सगळीकडे नाहीत, लहान पोरांचा हात सोडू नका. एक तास पुरे.

कोल्हापूरला अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा सगळं झालंय. पुढे काय?

खिद्रापूर. हा प्रश्न कुणी विचारला की मी दुसऱ्या कुठल्या गावाचं नावच घेत नाही.

कोल्हापूरपासून साधारण साठ किलोमीटर, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. वाटेत नरसोबाची वाडी लागते, तिथपर्यंत लोक जातातच. वाडीहून कुरुंदवाड आणि मग उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता. गाव इतकं साधं आहे की आपण चुकलो असं वाटतं. मग एका वळणावर कोपेश्वराचं देऊळ दिसतं.

बाराव्या शतकात, शिलाहारांच्या राजवटीत हे उभं राहिलं. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा शिलालेखही इथे आहे. आत जाताना पहिला लागतो तो स्वर्गमंडप. हे नाव का पडलं ते मान वर केल्यावर कळतं: छताला मधोमध भलंमोठं गोल खिंडार ठेवलंय आणि त्यातून आभाळ दिसतं. ते पडलेलं छप्पर नाही, मुद्दाम तसंच बांधलेलं आहे. भोवती बारा खांबांचं कडं आणि बरोबर खाली एक अखंड गोल शिळा. दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचं वर्तुळ त्या शिळेच्या आसपास उतरतं आणि हळूहळू सरकत जातं. माझ्या मुलीने, तेव्हा ती आठ वर्षांची होती, त्या वर्तुळाच्या कडेला बोट ठेवलं आणि ऊन बोटावरून पुढे जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. खांब बघायलाही वेळ द्या. एकाच खांबावर खाली चौकोन, मध्ये आठ बाजू, वर गोल, आणि तो गोल भाग इतका गुळगुळीत की आपला चेहरा अंधूक दिसावा. बाहेरून फिरलात की पायथ्याला हत्तींची रांग लागते. पुष्कळांच्या सोंडा, सुळे फोडलेले आहेत. तरी प्रत्येक हत्तीची झूल वेगळी आहे, दागिने वेगळे आहेत.

शंकराचं देऊळ असून नंदी नाही, हे बऱ्याच जणांच्या परत निघाल्यावर लक्षात येतं. त्याची गोष्ट गावकरी आनंदाने सांगतात: सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी इथे नाही, तो आहे नदीपलीकडे कर्नाटकातल्या येडूरला. सतीच्या जाण्याने कोपलेला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू म्हणजे धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही लिंगरूपात शेजारी शेजारी आहेत.

त्रिपुरी पौर्णिमेला रात्री चंद्र त्या गोलाच्या माथ्यावर येतो, तेव्हा गर्दी असते. मला विचाराल तर साध्या वाराची सकाळ बरी. येताना वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्याच.

पावसाळ्यात मात्र, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कृष्णेला पाणी किती आहे ते विचारल्याशिवाय निघू नका. शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. 2019 आणि 2021 मध्ये गावंच्या गावं पाण्यात होती.

आणि कोल्हापूर शहरातच दीड-दोन तास मिळाले तर?

टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं. आत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरही नसलेली ब्राँझची मूर्ती आहे. ती सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर, 1944-45 च्या उत्खननात. समुद्रापासून इतक्या आत, घाटावर, भूमध्य समुद्राकडचा देव आला तो व्यापाऱ्यांच्या बोचक्यातून. आपलं कोल्हापूर त्या काळी जगाशी देवघेव करत होतं, हे मुलांना दाखवायला याहून चांगली वस्तू मला ठाऊक नाही. मूर्ती लहान आहे, शोधावी लागते. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

गणपतीपुळ्याला देवदर्शन आणि समुद्र याशिवाय काय करायचं?

आधी मालगुंडला जा, ते अगदी जवळ आहे. केशवसुतांचा जन्म इथला, 1866 चा. ‘तुतारी’ शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते, पण ती लिहिणारा माणूस कुठल्या अंगणात खेळला ते बघितलेलं नसतं. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते घर आणि स्मारक मायेने सांभाळलंय. आवारात सावली आहे, बसायला जागा आहे.

मग एक दिवस काढून दक्षिणेकडे निघा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याचा रस्ता धरला की पुढे कशेळी लागतं. तिथला कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ, आणि शेजारच्या आडिवऱ्याची महाकाली ही भाविकांची जुनी ठिकाणं आहेत. मी तुम्हाला पाठवते आहे ते मात्र कशेळीच्या सड्यावर.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट माळरान. बघायला काहीच नाही असं वाटावं अशी जागा. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत, त्यांना कातळशिल्पं म्हणतात. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब. तो एका नजरेत मावतच नाही. सोंडेपासून शेपटीपर्यंत कडेकडेने चालावं लागतं. त्याच्या अंगाच्या आत इतर प्राण्यांची, माशांची कितीतरी चित्रं आहेत. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात अशी पुष्कळ ठिकाणं आहेत: उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे. काही चित्रांत गेंड्यासारखा प्राणीही आहे, जो कोकणात आज कुणी बघितलेला नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून यातली बरीचशी शोधली. 2022 मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अशा नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

कातळशिल्पं बघायला गेलो, पण काही नीट दिसलंच नाही. का?

तुम्ही भर दुपारी गेला असणार. आमचंही पहिल्यांदा असंच झालं. मे महिना, बाराचं ऊन, सगळा कातळ एकसारखा तांबूस-करडा. आम्ही हत्तीच्या पाठीवर उभं राहून “हत्ती कुठाय?” म्हणत होतो. शेजारच्या वाडीतल्या एका काकूंनी सांगितलं, “आता घरात बसा, पाणी प्या, पाचाला या.” त्यांच्या पडवीत कोकम सरबत घेऊन दुपार काढली. पाच वाजता परत आलो तर ऊन तिरपं झालेलं, प्रत्येक रेषेत सावली भरलेली, आणि आख्खा हत्ती उभा! तेव्हापासून मी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतरच जाते.

पावसाळ्यात सड्यावर पाणी साचतं, गवत माजतं. ऑक्टोबर सरला की फेब्रुवारीपर्यंत उत्तम. देवाचे गोठणे इथे गेलात तर होकायंत्र बरोबर न्या. तिथल्या मानवाकृतीजवळ सुई भरकटते. मुलांना तो खेळ फार आवडतो.

लोणावळ्याला पावसाळ्यात मुंगीलाही जागा नसते. तिथे काही शांत सापडेल का?

कामशेतजवळचं बेडसे. कार्ल्याचं चैत्यगृह देशात सगळ्यांत मोठं, ते बघावंच. पण शेजारच्या एकवीरा देवीच्या देवळाच्या गर्दीत खांबांकडे लक्ष जात नाही. बेडशाला सुमारे चारशे पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून माणसं कमी. दर्शनी भागात उंचच उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर घोड्यावर, हत्तीवर, बैलावर बसलेली जोडपी. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा सकाळीच जा.

भाजे त्याउलट पश्चिमेकडे. दुपार तिथे घालवा आणि विहारातली ती बाई शोधा: तबल्यासारखी जोडवाद्यं वाजवणारी, आणि शेजारी दुसरी नाचणारी. दोन हजार वर्षांहून जुनं कोरीवकाम आहे. माझा भाचा तबला शिकतो, तो तिच्यापुढून हलेना.

अलिबाग?

कोर्लई. किल्ला आणि दीपगृह लोक बघतात. पण किल्ल्याखालच्या वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक वेगळी बोली बोलली जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि अलिबाग गावातली चुंबकीय वेधशाळा 1904 पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचं हे काम इकडे हलवावं लागलं होतं.

दापोली-हर्णैला नेहमी समुद्रावरच असतो. आत काही आहे?

पन्हाळेकाजी. नदीकाठच्या दरीत 29 लेणी. बौद्धांची सुरुवात, मग शैव, गाणपत्य, नाथपंथी. अर्धा दिवस लागतो, डबा बरोबर न्या.

वेरूळ-अजिंठा परत करायचंय. काय वेगळं करू?

वार आधी बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. वेरूळला कैलास बघून झालं की लोक दमतात आणि परततात. शेवटची जैन लेणी राहतात, त्यातलं 32 क्रमांकाचं, इंद्रसभा म्हणतात ते, वरच्या मजल्यासकट बघा. दुसरा दिवस असेल तर कन्नड तालुक्यातलं पितळखोरे. घळीत खाली उतरायचं असतं, पाऊस ओसरल्यावर हिरवंगार असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र हा बेत करू नये.

आजी-आजोबा बरोबर आहेत. यातलं त्यांना काय झेपेल?

खिद्रापूर, मालगुंड, भिलार, ढोल्या गणपती इथे फारशी चढण नाही. क्षेत्र महाबळेश्वरला थोडं चालावं लागतं, पण सावकाश जमतं. मेणवलीचा वाडा चालेल, घाटाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. त्यांना वरूनच नदी दिसेल अशा जागी बसवा. लिंबची विहीर, बेडसे, पन्हाळेकाजी, पितळखोरे नको. कशेळीला सड्यावर सपाट आहे, पण सावली अजिबात नाही. छत्री आणि पाणी घेतल्याशिवाय त्यांना नेऊ नका.

एक गोष्ट मी शिकले आहे: म्हाताऱ्या माणसांना दिवसाला एकच जागा द्यायची. दोन झाल्या की त्यांना पहिली आठवत नाही.

स्वतःची गाडी नाही. एसटीने जमेल का?

वाई, नरसोबाची वाडी, गणपतीपुळे, पाचगणी इथवर एसटी आरामात मिळते. त्यापुढच्या गावांना दिवसातून मोजक्याच गाड्या असतात. उतरतानाच कंडक्टरला परतीची गाडी कितीची आणि वस्तीची गाडी कितीला येते ते विचारून घ्या. ठरावीक ठिकाणापासून पुढे रिक्षा किंवा वडाप (माणशी भाडं घेणारी जीप) मिळते. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, तेव्हा आधार कार्ड जवळ ठेवा. आम्ही तिघी मैत्रिणी वाई-मेणवली-धोम असं एसटी आणि रिक्षा करून एका दिवसात फिरलो आहोत.

अशा गावांत जेवणाचं काय?

हॉटेल असेलच असं धरून चालू नका. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर गावातलं कुणीतरी घरगुती जेवण करून देतं. कशेळीकडे तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. शिरोळकडे ज्वारीची भाकरी, वांगं, दही. माणशी किती ते आधीच ठरवून घ्या आणि घासाघीस करू नका. दहा माणसं येतो म्हणून सांगून चौघंच गेलात तर दहांचे पैसे द्या. त्या बाईंनी दहांचा स्वयंपाक केलेला असतो.

घरच्यांना पटवायचं कसं? सगळ्यांना ‘पॉइंट’च बघायचे असतात.

त्यांचे पॉइंट त्यांना बघू द्या. फक्त जाता-येतानाची एक वेळ मागून घ्या. “एक देऊळ आहे, वाटेतच आहे, तासाभराचं काम” असं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. आणि तिथे गेल्यावर व्याख्यान देऊ नका. घंटेवरची मेरी, भिंतीचं माशाचं तोंड, उन्हाचं वर्तुळ असं एकच काहीतरी दाखवा. बाकीचं ज्याचं तो शोधतो.

आमच्या नेहमीच्या गावाजवळ असं काय आहे, ते मी स्वतः कसं शोधू?

महाराष्ट्र शासनाची जिल्हावार गॅझेटियर इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या ठिकाणाच्या आसपासच्या गावांची नावं त्यात काढा. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे, आणि त्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या वाईतून चालत आलंय हे तिथे गेल्यावर आठवू द्या. रस्त्यात पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसली की थांबा.

पण खरी माहिती माणसांकडे असते: देवळातले गुरव, शाळेतले गुरुजी, एसटी स्टँडवरचे चहावाले. त्यांना “इथे ऐतिहासिक स्थळ आहे का?” असं विचारलं तर ते मोठ्या किल्ल्याचं नाव सांगतात. “काका, गावात जुनी बारव आहे का? वीरगळ? कातळात कोरलेलं काही?” असं विचारा. आणि कुणी म्हणालं की “ते काय, पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं आहे,” तर सगळा बेत बाजूला ठेवून तिकडे जा. माझ्या अनुभवात पांडवांचं नाव जिथे जिथे निघालं, तिथे लेणं नाहीतर जुनं दगडी देऊळ निघालंच.

अशा जागा सगळ्यांना सांगितल्या की त्या बिघडतात, असं नाही का वाटत?

वाटतं, आणि त्याची काळजीही वाटते. पण कुणालाच माहीत नसलेली जागा आणखी लवकर जाते. जांभ्याची चिरेखाण निघते, रस्ता रुंद होतो, घर बांधताना कातळ फोडला जातो. उक्षीसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनी कातळशिल्प सांभाळलं, कारण ते बघायला माणसं येऊ लागली.

तेव्हा जा, पण काही गोष्टी पाळा. सड्यावर गाडी नेऊ नका. चाकाखाली काय आहे ते दिसत नाही. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने भरू नका, दगडाने कोरू नका. चित्रांवर बूट घालून चालू नका. खिद्रापूरच्या खांबांना टेकून उभं राहू नका. बाटल्या, वेष्टनं परत घेऊन या. ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी काढा. गावात काहीतरी विकत घ्या: मध, कोकम, आमसुलं, भाकरी, काहीही.

इतक्या लांब गेलो आणि जागा बंद निघाली तर?

असं होतं. मेणवलीचा वाडा आम्हाला एकदा बंद मिळाला होता, घरात काही कार्य होतं. आम्ही घाटावर बसलो. एक आजी कपडे धूत होत्या. घंटा बघितली का, म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत स्वतः उठून आम्हाला मेरी कुठल्या बाजूला आहे ते दाखवायला आल्या.